विहिरीत उतरण्याआधी

माझ्या नवऱ्याला देवमाणूस म्हणायचं असेल तर दुकानाबाहेर जाऊन म्हणा, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. अंकाच्या संपादकांचा फोन आला, त्यांनीही सुरुवात त्याच शब्दानं केली. "वहिनी, अंबादासभाऊ म्हणजे देवमाणूस. दोन गोड आठवणी लिहून द्या, दिवाळीचा अंक आहे." मी म्हटलं, लिहून देते, पण गोडाचं माझ्या हातात नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी मोठेपणा नाकारून राहिले.

देवाचं एक बरं असतं. त्याला नैवेद्य दाखवायचा आणि ताट आपण खायचं. माणसाला भूक लागते, घाम येतो, श्वास घ्यावा लागतो. तेवढी सोय माणसाची लोकांना ठेवावी लागते, म्हणून लोक माणसाला देव करून टाकतात. मी काही तसं करणार नाही. आणि आमच्याकडे बायका नवऱ्याला बुवा म्हणतात, तशी मीही म्हणणार. कोणी कीर्तनकार समजू नये. बुवांना हार्मोनियम वाजवता येत नव्हतं आणि प्रवचन तर त्याहून येत नव्हतं.

आमचं दिग्रसला मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतातल्या मोटरी जळतात, त्या आम्ही पुन्हा भरून देतो. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. शेतात लाइन तीन तारांनी येते. त्यातली एक तार मधेच गेली, की मोटर बाकीच्या दोघींच्या जिवावर ओढत बसते, तापते आणि जळते. घरातल्या एकानं काम सोडलं तर दुसऱ्याचं जे होतं तेच. मग ती जळकी तार छन्नीनं तोडून काढायची, वेढे मोजायचे, लाकडी फर्म्यावर तेवढेच नवे वेढे गुंडाळायचे, खाचांमध्ये कागद घालून एकेक गुच्छा बसवायचा, सुतळीनं बांधायचा, वार्निश पाजायचं, वाळवायचं. जळक्या मोटरीचा एक वास असतो. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासानं मला जेवण जात नसे. आता तो वास आला नाही तर हंगाम खराब आहे असं समजते.

बसकाम माझं, बाहेरचं काम बुवांचं. त्यांची बोटं जाड आणि बूड हलकं. एका जागी अर्धा तास बसले की त्यांना कोणीतरी हाक मारल्याचा भास व्हायचा, आणि आमच्या दुर्दैवानं ती हाक बहुतेक वेळा खरीच असायची. विहिरीतली मोटर काढायची, गाळात रुतलेली सोडवायची, पाइप जोडायचा, हे त्यांचं. दोर धरायला रहीमभाई. या दोघांची जोडी जवळजवळ तीस वर्षं टिकली, आमच्या दोघांच्या जोडीपेक्षा तिच्यात भांडणं कमी झाली.

गिऱ्हाइकं एकेक नग. आर्णीकडचे एक तात्या होते. मोटर घेऊन आले, मला पाटावर बसलेली पाहिली आणि म्हणाले, "बाईनं भरलेली मोटर पाणी फेकत नाही बाप्पा. भाऊले बोलवा." मी म्हटलं, भाऊ विहिरीत आहेत, तुम्हीही जा. ते गेले नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले, मी चोरी करते की काय असे डोळे लावून. दुपारी तिथंच घोरायला लागले. मोटर नेली, आठ दिवसांनी परत आले. मी विचारलं, "काय तात्या, फेकते का पाणी?" तर म्हणाले, "फेकते. पण जराशी डावीकडे फेकते." त्यानंतर मरेपर्यंत त्यांची एकही मोटर दुसऱ्या दुकानात गेली नाही.

बुवांना नाही म्हणता येत नव्हतं. माझी नव्यानं भरलेली मोटर कोणाची आणि लागली कोणाच्या विहिरीवर, याचा मेळ मला कधी लागला नाही. ज्याची जास्त नड त्याला ते आधी देऊन टाकायचे आणि खऱ्या मालकाला मी तोंड द्यायची. तांड्यावरचा हातपंप बिघडला तर दुकान माझ्यावर टाकून तिकडे. शाळेच्या टाकीत पाणी चढत नाही, तिकडे. कोणाची गाय विहिरीत पडली, तिकडे. मी म्हणायची, "तुम्ही घरजावई आहात का साऱ्या तालुक्याचे?" तर म्हणायचे, "असं नोको म्हणू. हाक मारते मनजे आपल्यावर भरोसा हाय त्यायचा."

आमच्या स्वातीच्या साखरपुड्याच्या दिवशीची गोष्ट. पाहुणे मारेगावहून येणार, मांडव पडलेला, आणि सकाळीच एक माणूस सायकलवर धापा टाकत आला. गोऱ्हा विहिरीत पडला. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आज तुमची पोरगी आधी. ते स्वातीकडे पाहायला लागले. ती शालू नेसत होती. तिनंच सांगितलं, "जा बाबा, पण मुहूर्ताच्या आत या." पाहुणे आले, बसले, चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला. नवरदेवाचे वडील विचारतात, इवाई कुठं आहेत? काय सांगणार? शेवटी इवाई, म्हणजे आमचे बुवा, आले. गळ्यापर्यंत चिखल, कानात शेवाळ, दारातूनच हात जोडून म्हणाले, "गोऱ्हा निंगाला बरं का!" जसं काही सारे पाहुणे गोऱ्ह्यासाठीच आले होते. मला वाटलं धरणी दुभंगावी. पण नवरदेवाचे वडील उठले आणि त्या चिखलासकट त्यांनी मिठी मारली. त्या गडबडीत स्वातीनं मुलाला एकच प्रश्न विचारला, मी मागे उभी होते म्हणून ऐकलं. "तुम्हाले पोहता येते का?" तो बिचारा लाजून म्हणाला, नाही. "मंग चालते," असं म्हणाली आणि अंगठीसाठी हात पुढं केला. माझ्या लेकीला घरात काय कमी पडलं ते मला त्या दिवशी कळलं.

असं असूनही ते बेफिकीर नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण मागाहून लोकांनी तसंही बोलून पाहिलं. विहीर बाहेरून दिसते तशी आतून नसते. बंद पडलेल्या, खोल विहिरीत वाईट हवा साचते. माणूस उतरतो, दोन पायऱ्या बऱ्या जातात आणि तिसरीवर भोवळ येते. म्हणून बुवा आधी बादलीत दिवा लावून खाली सोडायचे. दिवा विझला तर माणसानं जायचं नाही. मग निंबाची मोठी डाहळी दोराला बांधून खालीवर घुसळायची, हवा हलावी म्हणून. आणि हे सारं झाल्यावर विहिरीच्या मालकाला समोर उभं करून विचारायचं, "आत इंजिन चाललं का?"

हा प्रश्न का, तेही सांगते. पाणी फार खोल गेलं की वरचं इंजिन ते ओढत नाही. मग लोक पेट्रोलवरचं लहान इंजिन दोरानं आतल्या कपारीवर उतरवतात आणि तिथं चालवतात. त्याचा धूर आतच राहतो. त्या धुरात एक विष असतं, त्याला वास नाही आणि त्यानं दिवाही विझत नाही. दिव्याला जे कळत नाही ते माणसाला विचारूनच कळतं. इंजिन चाललं असेल तर बुवा त्या दिवशी उतरायचेच नाहीत. दुसऱ्या दिवशी उतरायचे. यात कोणाची गय नाही, कोणाची ओळख नाही. ढाणकीकडच्या एका शेतकऱ्यानं खरं सांगितलं, हो भाऊ, चाललं. बुवांनी तिथंच झाडाखाली शिदोरी सोडली आणि जेवायला बसले. तो हाता-पाया पडला, गहू जाईल म्हणाला. बुवा म्हणाले, "गहू पुढच्या साली येते रे बाप्पा. मी नाही येत." त्याचा गहू गेला नाही. थोडा वाळला. तो माणूस अजून दिवाळीला त्या दिवसाची आठवण काढून फोन करतो.

आता त्या गावाचं. नाव लिहीत नाही, तशी गरजही नाही. पुसद रस्त्यावर फाट्याशी मोठी कमान आहे, तिच्यावर आमच्या बुवांचं नाव आहे.

उन्हाळ्याचे दिवस. त्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, आणि तिच्यातली मोटर गाळात रुतून बसली. गावाला कितीतरी दिवस पाणी नाही. बायका रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन विहिरीवर रांग लावून बसलेल्या. गावातला एक मोठा माणूस, त्याला आपण मालकच म्हणू, तो स्वतः गाडी घेऊन दुकानात आला. "अंबादासभाऊ, चाला. गाव तहानलं हाय." मी पाटावर होते. मी म्हटलं, उन्हाची वेळ आहे, भाकर खाऊन जा. ते म्हणाले, येऊनच खातो.

पुढचं मला रहीमभाईंनी सांगितलं. एकदा सांगितलं, पुन्हा मी विचारलं नाही आणि ते पुन्हा बोलले नाहीत. "भाभी, दिवा सोडला, जयतच होता. डाहळी घुसळली. मंग भाऊनं इचारलं, आत इंजिन चाललं का? मालक म्हणे, नाही. भाऊ म्हणे, डिझल-पेट्रोलचा वास येऊन राह्यला. मालक म्हणे, बाजूच्या वावरातला हाय. भाऊनं मंग साऱ्या बायामाणसायकडे पाह्यलं अन् जोरानं इचारलं, कोणी आयकलं का इंजिन? कोणीच नाही बोललं भाभी. इतक्या गर्दीत कोणीच नाही."

ते उतरले. मोटर गाळातून सोडवली, जाळी साफ केली, तुटलेला वायरचा जोड पक्का केला, आणि दोर हलवून खूण केली की झालं. रहीमभाईंनी ओढायला घेतलं, तर दोर एकदम जड लागला. वर आणले तेव्हा डोळे उघडे होते. गाडीत घालून पुसदला नेले. मी दिग्रसहून तिथं पोचले तोवर सारं संपलं होतं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, विहिरीत इंजिन चालू होतं का? मी म्हटलं, नाही, ते विचारूनच उतरतात. त्यानं मान हलवली. "ताई, हे धुरानंच झालंय," म्हणाला. बादलीतला दिवा रहीमभाईंनी सोबत आणला होता, का ते त्यांनाही सांगता येईना.

तेराव्याला ते सारं गाव लोटलं. बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि खऱ्या रडल्या, खोटं कायले लिहू? त्यांचा जीव होता बुवांवर. मालकानं सारी व्यवस्था पाहिली, खुर्च्या, पाणी, सगळं. मी त्याच्या पाया पडले. त्या वेळी मला माहीत नव्हतं.

कळलं ते दुकानात. एकेक करून. त्या गावच्या बाया मोटरीचं निमित्त काढून यायच्या, इकडंतिकडं पाहायच्या आणि हळूच सांगायच्या. वहिनी, माह्यं नाव नोको सांगू. मालकाच्या वावरात भुईमूग होता. गाव तहानलेलं, आणि हा माणूस दिवस निघायच्या आधी गावाच्या विहिरीत इंजिन उतरवून खालचं उरलंसुरलं पाणी आपल्या भुईमुगाला ओढत होता. उजाडलं की इंजिन वर काढून न्यायचा. त्या दिवशी पहाटेही ओढलं. गावानं पकडला असता तर चपलांनी मारला असता, म्हणून तो नाही म्हणाला. त्याचं मला समजते. चोर चोरी कबूल करत नसतो. पण इंजिनचा आवाज काय चोरून येतो? फट फट फट, साऱ्या आळीला ऐकू जाते. ज्या ज्या बाईनं मला दुकानात सांगितलं, ती ती त्या वेळी विहिरीवर होती. मी प्रत्येकीला विचारलं, मग बोलली काहून नाही? उत्तर एकच, "मले वाटलं, कोणी ना कोणी सांगन."

मला राग येतो. मालकाचा येतो, त्या रांगेचा येतो, आणि ज्याच्यावर लिहायला बसले त्याचाही येतो. भरोसा, भरोसा करत राहिले. वास येऊन राहिला म्हणाले आणि तरी उतरले, कारण चार बाया रिकामे गुंड घेऊन तोंडाकडे पाहत होत्या. गहू पुढच्या साली येतो, हे शेतकऱ्याला सांगता आलं. तहानलेल्या बाईला काय सांगायचं, ते त्यांना सुचलं नसेल.

मी मालकाला निरोप धाडला. मला पोलीस नको, काही नको. गावाच्या चावडीवर चार माणसांत एवढं म्हण, की मी खोटं बोललो. त्यांनी नीट विचारलं होतं, चूक त्यांची नव्हती. कारण तोवर लोक म्हणायला लागले होते, भाऊ उतावीळ होते, भाऊंचं वय झालं होतं, भाऊंनी घाई केली. मालक स्वतः दुकानात आला. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, चुकलं माह्यं." मी म्हटलं, इथं नाही, तिथं म्हण. तो म्हणाला, "तिथं कसं म्हणू? मले गावात राहा लागते." जसं काही मला स्मशानात राहायचं होतं.

आणि मग त्यानं कमान बांधली. अंबादासभाऊ स्मृती प्रवेशद्वार. खाली सौजन्य म्हणून त्याचं नाव, आमच्या नावापेक्षा चार बोटं मोठं. उद्घाटनाला मला बोलावलं. स्वाती मारेगावहून आली होती. ती म्हणाली, "आई, तू काही बोलू नोको. बाबांनी माफच केलं असतं." मी म्हटलं, केलं असतं. पण मी तुझा बाबा नाही.

शाल झाली, नारळ झालं, दोन-चार भाषणं झाली. प्रत्येकात देवमाणूस. मग सूत्रसंचालकानं माईक माझ्यापुढं धरला, दोन शब्द म्हणा. मी उभी राहिले. मी म्हटलं, माझे यजमान विहिरीत उतरण्याआधी एक गोष्ट विचारत. इथं त्यांनी विचारली, तिचं उत्तर त्यांना मिळालं नाही. तेच मी आज विचारते. त्या दिवशी पहाटे इंजिनचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांनी हात वर करा.

मांडवात इतकं माणूस, पण पंख्याचाच आवाज. मालक चपलेकडे पाहत होता. ज्या बायांनी मला दुकानात सांगितलं होतं, त्या पदर नीट करू लागल्या. आणि मग मागच्या बाजूला एक हात वर आला. म्हातारीचा, नुसतं हाडूक. नंतर कळलं, गयाबाई. शेजारी तिचा लेक बसला होता. त्यानं तो हात मनगटाशी धरला आणि हळूच खाली करून मांडीवर ठेवला. सूत्रसंचालकानं माझ्या हातून माईक घेतला. "वहिनींना भावना अनावर झाल्या आहेत. भाऊंसाठी एकदा जोरदार टाळ्या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. मग चिवड्याच्या पुड्या वाटल्या.

स्वाती माझ्याशी घरापर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, बरं केलं." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान असताना रडायची तशी रडली.

त्या दिवसापासून त्या गावातून एकही मोटर माझ्याकडे आली नाही. पुसदला नेतात. मला त्याचं काही नाही, काम पुष्कळ आहे, डोळे तेवढे कमी झाले आहेत. रहीमभाईंनी दोर सोडला, ते आता पानाची टपरी चालवतात.

मागच्या उन्हाळ्यात दुपारची वेळ होती, एस.टी.तून उतरून एक म्हातारी काठी टेकत दुकानात आली. मी ओळखलं नाही. हात पाहिला आणि ओळखलं. स्टुलावर बसली, पाणी प्यायली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, मी त्यांना बाहेर जायला सांगणार होते. ती म्हणाली, "राहू दे व माय त्यायले. आयकू दे. इंजिन चाललं होतं. माह्या घरामागूनच आवाज ये, दिवस निंगायच्या आगुदर."

मी म्हटलं, "आजी, भाऊंनी विचारलं तेव्हा तुम्ही कुठं होत्या?"

"इहिरीवरच होती. नंबरात पयला माहाच गुंड होता."

मी हातातली तार खाली ठेवली. तीच बोलत राहिली. "सांगतलं असतं त भाऊ म्हणले असते, उद्या उतरतो. घरी सून बाळंतीन, घरात पाण्याचा थेंब नाही. म्या म्हटलं, एवढं आजचं पाणी निंगू दे. तोंडावर आलेलं सांगनं म्या गियलं व माय."

मला का कोण जाणे, पण विचारावंसं वाटलं. "निघालं का मग पाणी?"

"निंगालं," ती म्हणाली. "भाऊले गाडीत घालून नेलं, अन् इकडे कोनं त बटन दाबलं. नळाले धो धो पाणी आलं. म्या भरलं. साऱ्यायनंच भरलं."